पट्टीबाईंनी लॅपटॉप मोजून घेतला

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या पट्टीबाईंचं खरं नाव मतदारयादीत असेल तेवढंच. बाकी सगळ्यांना त्या पट्टीबाई. एखादे दिवशी त्यांच्या पर्समध्ये कंगवा नसेल, पण तीस सेंटिमीटरची पोलादी पट्टी नाही असं कधी झालेलं नाही. पर्सच्या तोंडातून ती दोन बोटं बाहेर डोकावत असते. पहिल्या मजल्यावर कुणाकडे नवीन कपाट आलं, तेव्हा बाई नुसतं बघायला म्हणून गेल्या आणि पट्टी लावून सांगून आल्या, की डावं दार उजव्यापेक्षा तीन मिलिमीटर खाली आहे. त्या दिवसापर्यंत त्या घरात सुख होतं. आता तिथला नवरा रोज सकाळी ते दार बघतो आणि बायकोला बोलतो.

बाई धंद्यानं ट्रेसर. इमारतींचे आराखडे करणारे साहेब पेन्सिलीनं जे गिचमिड काढतील, त्यावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि शाईनं त्याचा स्वच्छ नकाशा करायचा. सव्वीस वर्षं एकाच कचेरीत, नकाशे काढायच्या एकाच बोर्डापाशी त्यांनी हेच केलं. चूक झाली तर अर्ध्या ब्लेडनं शाई खरवडायची, नखानं कागद घोटायचा आणि त्यावरूनच पुन्हा रेघ न्यायची. उजेडासमोर धरला तरी डाग दिसायचा नाही. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात त्या आणि ऐंशीच्या सासूबाई. सासूबाईंचे दात गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. दोघींचं पोट त्या शाईच्या रेघांवर चालत होतं.

जगात संगणकावर नकाशे काढायचं कॅड येऊन म्हातारं झालं, तरी या कचेरीत साहेबांच्या हट्टापायी बोर्ड टिकून होता. मग नगरपालिकेनं हातचे नकाशे घ्यायचं बंद केलं, आणि त्याच सुमारास साहेबांना एका सात मजली हॉस्पिटलचं काम मिळालं. एका सकाळी त्यांनी बाईंना आत बोलावलं.

"बाई, बोर्ड आता काढून टाकायचे. तुम्हाला काढत नाही, घाबरू नका. पण इथे सगळे आपापला लॅपटॉप आणतात, तसा तुम्हीही आणा. क्लास लावा, कॅड शिका. तीन महिन्यांनी हॉस्पिटलचं काम सुरू होतंय. तोवर जमलं तर तुमची खुर्ची तुमची."

"आणि नाही जमलं तर?"

"बघू," साहेब म्हणाले आणि समोरचे कागद चाळायला लागले. बाईंनी त्यांना सव्वीस वर्षं ओळखलेलं होतं. ज्या गोष्टीबद्दल ते बघू म्हणत, तिच्याकडे ते पुन्हा कधी बघत नसत.

कचेरीत कॉलेजातून बाहेर पडून दोन वर्षं झालेली एक मुलगी होती. तिचा चष्मा तिच्या चेहऱ्यापेक्षा रुंद, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणत. कचेरीतलं निम्मं काम तिच्या संगणकावरून जायचं. तिनं आपणहून एक कागद फाडला आणि बाईंसाठी चार मुद्दे लिहिले: रॅम किती, साठवणीची डिस्क कुठली, पडदा किती इंची आणि शेवटी 'वेगळं ग्राफिक्स कार्ड'. या शेवटच्याखाली तिनं दोन रेघा मारल्या. रेघा वाकड्या होत्या, हे बाईंनी पाहिलं.

"काकू, रंगबिंग कुठलाही घ्या, पण हे शेवटचं सोडू नका. हॉस्पिटलची फाइल अवजड असणार, ते कार्ड नसलं तर ती उघडणारच नाही. दुकानदार म्हणेल, कार्ड आतच असतं. त्याचं ऐकू नका. मी येऊ का बरोबर? रविवारी मोकळी आहे मी."

"अगं, लग्नाची खरेदी आहे का ती, चारचौघांनी मिळून जायला? येईन की घेऊन."

वरवर असं बोलल्या, पण आत वेगळंच शिजत होतं. जिला शाईच्या पेनची टोपी कुठल्या बाजूनं उघडते ते ठाऊक नाही, तिनं म्हणे आपल्याला हत्यार निवडून द्यायचं. हा एवढासा अहंकार बाईंनी कुणाला दाखवला नव्हता. जो दाखवता येत नाही, तोच माणसाला जास्त महाग पडतो.

घरी सासूबाईंनी उलटतपासणी घेतली.

"किती वर्षं टिकतं ते?"

"पाच-सहा, म्हणतात."

"अगं बाई. आणि त्याच्यासाठी ठेव मोडतेस? नवरा करताना तरी एवढी चौकशी केली होतीस का?"

"मी कुठं केली, आई? तुम्हीच आला होतात बघायला."

"तेच म्हणते मी. चौकशी मी केली होती," सासूबाई म्हणाल्या आणि कूस बदलून पडल्या.

रविवारी बाई दुकानात गेल्या. विक्रीला एक टायवाला होता, बोलण्यात असा पटाईत, की त्याच्या तोंडून श्वासाच्या आधी सवलत बाहेर पडायची. त्यानं बाईंच्या ऐपतीत बसणारे दोन लॅपटॉप मांडले. एक काळा, जाड, विटेसारखा. सुरू केला की त्याचा पंखा दमेकऱ्यासारखा घरघरायचा. दुसरा रुपेरी, पातळ, पडदा असा की अक्षरं छापल्यासारखी दिसावीत.

"मॅडम, गाणी ऐकता? सिनेमे बघता?"

"मला दहा सेंटिमीटरची रेघ दाखवा."

टायवाल्यानं आजवर नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. हे मात्र नवीन होतं. तो जरा गोंधळला, मग त्यानं दोन्हींवर पत्र लिहायचं कोरं पान उघडलं. त्याच्या माथ्यावर सेंटिमीटरची आखणी असते. बाईंनी पर्समधून पट्टी उपसली आणि काळ्या लॅपटॉपच्या पडद्यावर टेकवली. काउंटरवरची दोन-चार माणसं माना वळवून बघायला लागली. पडद्यावरचे दहा सेंटिमीटर पट्टीवर साडेआठच भरले.

"खोटं बोलतंय हे," बाई म्हणाल्या.

मग रुपेरी. शून्याला शून्य, दहाला दहा. बाईंनी तीनदा मोजलं. एकदा तर चष्मा पुसून मोजलं. सव्वीस वर्षांत त्यांनी एकच धर्म पाळला होता: जी रेघ मोजून खरी उतरत नाही, ती ज्यात आहे तो नकाशा नव्हे, चित्र. आणि चित्रावरून घर बांधत नाहीत.

तरी त्यांनी कागद काढला. विचारलं, "यात ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे?"

"काळ्यात आहे, मॅडम. यात आतच असतं. वेगळं कशाला हवंय तुम्हाला?"

इथं बाईंच्या वतीनं काही सांगायची सोय नाही. चष्मेवालीनं सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं समोर उभं होतं, आणि ते त्यांना आठवलंही. पण पट्टी बोलली होती, आणि कालच्या पोरीपेक्षा पट्टीची ओळख जुनी. बाईंनी कागदाची घडी केली, पर्सच्या आतल्या कप्प्यात सरकवली आणि रुपेरी लॅपटॉप घेऊन घरी आल्या.

क्लासच्या पहिल्या दिवशी वीस-बावीस वर्षांच्या पोरापोरींत बाई पुढच्या बाकावर बसल्या. शिकवणाऱ्यानं मोठ्या पडद्यावर एका बंगल्याचा नकाशा उघडला आणि बोलता बोलता माउसचं चाक फिरवलं. बंगला मुंगीएवढा झाला. उलटं फिरवलं, तर एकटी खिडकी भिंतभर पसरली. बाई पट्टी हातात घेऊन बसल्या होत्या.

"सर, मग यात खरं माप कुठलं?"

"तुम्ही आकडा टाकाल ते. पडद्यावर ते केवढं दिसतं याला काही अर्थ नसतो."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी पट्टी पर्समध्ये ठेवली. क्लास सुटल्यावर त्या थेट दुकानात गेल्या. टायवाला अदबीनं म्हणाला, "मॅडम, सील फोडलेला माल परत होत नाही. आणि तुम्ही तर मोजून घेतलात." त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत चष्मेवाली उड्या मारतच आली.

"काकू, घेतलात? बघू. अय्या, काय देखणा आहे. लिस्टप्रमाणे मिळालं ना सगळं?"

"हो."

"चारही?"

"चारही म्हटलं ना. कितीदा विचारशील?"

झालं. तेव्हाच सांगितलं असतं, तर चष्मेवाली फार तर कपाळाला हात लावून हसली असती, आणि दोघींनी मिळून काहीतरी वाट काढली असती. पण चाळीस मुलांचा वर्ग परवडला, त्यात हसणारी ओळखीची नसतात. ही रोज शेजारी बसणारी.

पुढचे अडीच महिने मात्र बाईंनी जी मेहनत केली, तिला तोड नाही. सकाळी सासूबाईंचं आवरून क्लास, मग कचेरी, आणि आल्यावर पुन्हा लॅपटॉप. बोर्डावरच्या सवयी सुटता सुटत नव्हत्या. रेघ चुकली की हात ब्लेड शोधायचा. एक बटण दाबलं की चूक पुसली जाते, हे त्यांना बरेच दिवस लबाडीसारखं वाटत होतं. पण जमायला लागलं. छोट्या घरांचे, दुकानांचे सपाट नकाशे त्या रुपेरी लॅपटॉपवर लोण्यासारखे चालायचे. कुठली रेघ जाड आणि कुठली बारीक, हे त्या पोरापोरींना शिकूनही कळत नव्हतं, ते बाईंच्या बोटांत आधीच होतं. शिकवणारा त्यांची फाइल वर्गाला दाखवायला लागला. बाईंनी मनात हळूहळू एक आशा धरली, की तो चौथा मुद्दा नसला तरी चालत असेल. पोरीनं आपलं सांगायचं म्हणून सांगितलं असेल.

सासूबाई पलंगावरून बघत. एकदा म्हणाल्या, "काय गं, या डबड्यात माझा मुलगा दिसतो का तुला? एवढं टक लावून बघतेस."

"नाही, आई. जिना दिसतो."

"चढायचा की उतरायचा?"

बाई हसल्या. त्या दिवसांतलं त्यांचं तेवढंच हसणं इमारतीला ऐकू गेलं.

तीन महिने भरले, त्या दिवशी साडेदहाला साहेबांनी हॉस्पिटलची फाइल सगळ्यांना पाठवली. सात मजले, त्यातल्या साऱ्या नळ्या, वायरी, लिफ्टचे खड्डे, सगळं फिरवून चहूबाजूंनी बघता येईल असं. बाईंच्या वाट्याला एका जिन्याचा उभा छेद आला, म्हणजे जिना वरपासून खालपर्यंत कापून दाखवायचा नकाशा. हॉस्पिटलचे मालक चार वाजता बघायला येणार होते. काम तसं दोन तासांचं.

बाईंनी फाइल उघडली. गोल फिरायला लागलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पडदा पांढरा पडला आणि लॅपटॉपचं अंग तापलं. बंद करून पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला अर्धा मजला दिसला, एक भिंत सरकली आणि सगळं थिजलं. साडेबाराला बाई हात मांडीवर ठेवून पांढऱ्या पडद्यासमोर बसल्या होत्या. शेजारी चष्मेवालीच्या काळ्या, जाड लॅपटॉपवर तेच हॉस्पिटल गरगर फिरत होतं.

साहेब मागे येऊन उभे राहिले.

"काय झालं, बाई?"

"उघडत नाही."

"हिची उघडते, तुमची का नाही?" त्यांनी वाकून लॅपटॉपची माहिती काढली, दोन ओळी वाचल्या. "यात वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही. हा कुणी घ्यायला सांगितला तुम्हाला?"

बाईंना आपली खुर्ची दिसली, सासूबाईंचा पलंग दिसला. त्यांनी मान वळवली नाही.

"हिनं लिहून दिलं, तसाच घेतला."

चष्मेवालीनं माउसवरचा हात काढला.

"काकू, मी कार्ड लिहिलं होतं. दोन रेघा मारल्या होत्या खाली."

"कुठं आहे तो कागद?" साहेब म्हणाले.

कागद पर्सच्या आतल्या कप्प्यात होता. पर्स बाईंच्या पायाशी होती.

"हरवला," बाई म्हणाल्या.

साहेब चष्मेवालीकडे वळले. ते ओरडणारे नव्हते, त्यामुळे एकेक शब्द सगळ्यांना नीट ऐकू गेला. "आपल्याला येतं म्हणून दुसऱ्याला काहीही ठोकून द्यायचं? या बाईंनी ठेव मोडून घेतलाय तो. जबाबदारी म्हणून काही चीज असते की नाही?" मग बाईंना म्हणाले, "तुमची चूक नाही. तूर्त छोटी कामं करा. हॉस्पिटल ही करेल."

चष्मेवालीनं बाईंचा छेदही काढला आणि चारच्या आत दिला. त्यानंतर ती बाईंशी एक अक्षर बोलली नाही. भांडली नाही, टोमणा मारला नाही, डबा मात्र दुसऱ्या टेबलावर जाऊन खायला लागली. बाई रोज ठरवायच्या, आज सांगायचं. रोज संध्याकाळी उद्यावर ढकलायच्या. पंधरा दिवसांनी चष्मेवालीनं राजीनामा दिला. साहेबांनी कारण विचारलं, तर म्हणाली, "दुसरीकडे मिळालंय." आपला काळा लॅपटॉप पाठीवर टाकून ती जिना उतरून गेली, आणि तिच्याबरोबर सबंध हॉस्पिटल सहज फिरवणारं कचेरीतलं सगळ्यात दणकट यंत्रही गेलं.

दुसऱ्या दिवशी साहेब बाईंच्या टेबलाशी आले. "बाई, आता हॉस्पिटल तुमच्यावर. तिच्या चुकीची शिक्षा तुम्हाला नको. कार्डवाला लॅपटॉप मी घेऊन देतो. कुठला घ्यायचा तेवढं सांगा."

बाईंची खुर्ची वाचली होती. वर लॅपटॉपही मिळत होता, तोही साहेबांकडून. आमच्यासारखं कुणी असतं, तर मान हलवून मोकळं झालं असतं. बाई साहेबांच्या मागोमाग त्यांच्या खोलीत गेल्या. पर्सचा आतला कप्पा उघडला आणि घडी केलेला कागद टेबलावर ठेवला.

साहेबांनी तो वाचला. खालच्या दोन रेघांवरून बोट फिरवलं.

"हा हरवला होता ना?"

"नव्हता."

"मग?"

"मला वाटलं, खुर्ची जाईल."

साहेबांनी बाईंच्या देखतच चष्मेवालीला फोन लावला आणि बाईंनाही ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला. चष्मेवालीनं ऐकून घेतलं. साहेबांनी माफी मागितली, परत ये म्हणाले.

"नको, सर. मला इथे बरं आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मला माहीत होतं कागद कुठं आहे ते. काकूंनी पर्स पायानं मागे सरकवली होती."

आपण पर्स सरकवली, हे बाईंना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

फोन ठेवल्यावर साहेब म्हणाले, "मी त्या पोरीला सगळ्यांसमोर बोललो, बाई. आता या खोलीत येऊन कुणी मला काही सांगितलं, तर मी ते कसं खरं धरायचं?" पहिल्या तारखेपासून हॉस्पिटलसाठी नवीन माणूस आला, स्वतःचा लॅपटॉप घेऊन. बाईंच्या खुर्चीवर तोच बसला.

घरी सांगितलं, तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"त्या डबड्यापायी गेली नोकरी?"

"नाही, आई. डबडं बिचारं काय करणार. मी खोटं बोलले."

सासूबाईंनी तोंड उघडलं. सगळ्या इमारतीला वाटलं असतं, की आता तोफ सुटणार. त्यांनी नुसती पायाशी पडलेली चादर गुडघ्यापर्यंत ओढून घेतली आणि म्हणाल्या, "दिवा लाव. अंधारात बोलू नकोस."

आता बाई मोठे नकाशे छापून देणाऱ्या एका दुकानात काम करतात. फाइल यंत्राला द्यायची, कागद बाहेर आला की कडा कापायच्या आणि नाव-क्रमांकाचा कोपरा वर येईल अशी घडी घालायची. दिवसभर उभं राहून पाय सुजतात. इमारतीत कुणाला पोटमाळा काढायचा असला, ओटा हलवायचा असला, तर त्या रुपेरी लॅपटॉपवर नकाशा करून देतात. आम्ही आधी फुकट मागतो, मग लाजेकाजेस्तव काहीतरी हातावर ठेवतो.

गेल्या महिन्यात दुपारी दुकानात चष्मेवाली आली. चष्मा नवीन, लहान. काउंटरवर पेनड्राइव्ह ठेवताना तिनं वर पाहिलं आणि क्षणभर थबकली. बाईंनी कात्री खाली ठेवली.

"अगं, मला तुला..."

"आठ प्रती हव्यात, मोठ्या कागदावर," ती म्हणाली. आवाज शांत होता, कुठल्याही गिऱ्हाइकाचा असतो तसा. "चारपर्यंत मिळतील ना, मॅडम?"

बाईंनी पेनड्राइव्ह उचलला. "मिळतील," त्या म्हणाल्या आणि यंत्रातला कागद संपत आला होता, म्हणून नवीन गुंडाळी चढवायला वळल्या.